अणू खरा ठरला कुणामुळे? माझं मत पेरँला

पानगळ:
अणूचा इतिहास म्हटला की ठरलेली मिरवणूक निघते. पुढे डाल्टन, मागे थॉमसन, मग रुदरफोर्ड, शेवटी बोर. प्रत्येकाच्या हातात एकेक आकृती. मुलं आकृत्या पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि मोकळी होतात.

मला खटकतं ते हे की यातले डाल्टननंतरचे सगळे अणूच्या आत काय आहे ते सांगतात. पण अणू मुळात आहे, हे कधी ठरलं? १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. त्यानंतरही कित्येक वर्षं ऑस्टवाल्डसारखा रसायनशास्त्रज्ञ आणि माखसारखा भौतिकीतला माणूस अणूला हिशेबाची सोय म्हणत होते. खरी वस्तू मानायला तयार नव्हते.

माझ्या मते हा वाद मिटवला झाँ पेरँने, १९०८-०९ च्या सुमारास, पॅरिसमध्ये. गँबोज नावाची पिवळी राळ असते, चित्रकार ती रंगासाठी वापरत. पेरँने ती पाण्यात घोटली आणि सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा पुन्हा फिरवून एकाच मापाचे कण वेगळे काढले. एक किलो राळेवर काही महिने खपल्यावर कामाचे कण हाती आले ते जेमतेम काही डेसिग्रॅम. मग ते पाण्याच्या थेंबात सोडून कोणत्या उंचीवर किती कण आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसला. एका मालिकेत १३,००० कण मोजले. तळाजवळ १०० धरले तर ३० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वर ४७, आणखी ३० वर २३ च्या आसपास, त्याच्याही वर १२.

हवाही वर जावं तशी अशीच विरळ होत जाते, फक्त तिला निम्मं व्हायला साधारण साडेपाच किलोमीटर लागतात. दोन्हीकडे कारण एकच असेल, म्हणजे रेणूंची सततची धावपळ, तर या दोन उंचींच्या गुणोत्तरावरून राळेचा कण (पाण्याने उचलून धरलेलं वजन वजा करून) हवेच्या रेणूच्या किती पट जड आहे ते कळतं. राळेच्या कणाचं वजन काढता येतं. म्हणजे रेणूचं वजन निघालं! १९०९ साली ऑस्टवाल्डच्या पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती आली, तिच्या प्रस्तावनेत त्याने अणू मान्य करून टाकले.

मी शिकलो त्या एकाही पुस्तकात पेरँ नव्हता. तुमचं काय मत?

टिवल्याबावल्या:
१३,००० कण मोजले म्हणजे चष्मेवाल्याची चांदी झाली असणार. जाणकार येईपर्यंत पुढच्या रांगेत जागा धरून ठेवतो.

अनादि:
एवढं लांब जायची गरज काय? कणादांच्या वैशेषिक दर्शनात परमाणू आहेच. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, आणि कवडशात तरंगताना दिसतो तो धूलिकण म्हणजे त्र्यणुक. डाल्टनच्या कितीतरी शतकं आधी.

मितभाषी:
आले कणाद. वाटच बघत होतो.

नीरक्षीर:
मितभाषी, हसण्यावारी नेऊ नका, तो युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. न्याय-वैशेषिकांचं म्हणणं असं: भाग पाडत जायला कुठेच शेवट नसेल तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा सारखेच ठरतील, कारण दोघांचेही भाग अनंत. म्हणून कुठेतरी थांबावंच लागतं. ग्रीसमध्ये ल्युसिपस आणि डेमोक्रिटसही अविभाज्य कणापर्यंतच पोचले होते, आणि कवडशातले कण लुक्रेशियसनेही दाखला म्हणून वापरले आहेत.

पण अनादि, वैशेषिकांचे परमाणू पृथ्वी, जल, तेज, वायू असे चार प्रकारचे. त्यातून तराजूवर तपासता येईल असं काही निघत नाही. ग्रीकांच्या अणूतूनही निघत नाही. डाल्टनचं वेगळेपण इथेच आहे. ३ ग्रॅम कार्बन ४ ग्रॅम ऑक्सिजनशी जुळतो आणि एक वायू मिळतो, किंवा ८ ग्रॅमशी जुळतो आणि दुसरा. ५ नाही, साडेसहा नाही. नेमका दुप्पट. मधलं काहीच का नाही, याला अणूखेरीज पटणारं उत्तर नव्हतं. १८०३ मध्ये त्याने अणुभारांचा पहिला तक्ता केला. त्यातले बरेच आकडे आज चुकीचे दिसतात, पण चूक आहे हे म्हणता येणं हीच तर प्रगती.

अनादि:
तराजूचा मुद्दा मान्य. तरी कल्पनेचं श्रेय द्यायला काय हरकत आहे?

नीरक्षीर:
काहीच नाही. दिलंच की.

रसायनी:
पानगळ, लेख छान, पण तो पूर्ण भौतिकीवाल्यांच्या चष्म्यातून लिहिलेला आहे. १९०८ साली रसायनाची प्रयोगशाळा अणूंची वाट बघत हात बांधून बसली होती की काय?

जरा मागे जाऊ. डाल्टन पाण्याचं सूत्र एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन असं धरत होता. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवलं की दोन घनफळं हायड्रोजन आणि एक घनफळ ऑक्सिजन मिळून दोन घनफळं वाफ होते. आवोगाद्रोने १८११ मध्ये त्याचा अर्थ सांगितला: समान घनफळात रेणू समान, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा. डाल्टनला दोन सारखे अणू एकमेकांना चिकटतात हेच पटेना. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं नुसता गोंधळ. कार्बनचा अणुभार कुणी ६ धरतंय, कुणी १२. केकुलेने आपल्या १८६१ च्या पुस्तकात एकट्या ॲसिटिक आम्लाची १९ वेगवेगळी सूत्रं छापली आहेत!

१८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे कानिझारोने आवोगाद्रोला पुन्हा उभं केलं. त्याची पुस्तिका वाचून लोथार मायर म्हणाला की डोळ्यांवरची झापडं गळून पडली. मेंडेलीव्हही तिथे होता. नऊ वर्षांनी त्याची आवर्तसारणी आली. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं तेव्हा शोधणाऱ्याने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने, ज्याने हे मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, कळवलं की ती ५.९ च्या आसपास हवी, पुन्हा मोजा. मोजली. ५.९ आली.

आणि १८७४ मध्ये व्हान्ट हॉफने कार्बनचे चार हात चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे असतात असं सांगितलं. अणूंची अवकाशातली मांडणी! जी वस्तू अस्तित्वातच नाही तिचे कोन कोण मोजतं? कोल्बेने त्याची जाहीर टिंगल केली, हा पशुवैद्यकीय शाळेतला नोकर कल्पनेच्या घोड्यावर बसलाय म्हणून. १९०१ मध्ये रसायनाचं पहिलं नोबेल त्याच व्हान्ट हॉफला मिळालं.

तेव्हा पेरँने संशयी लोकांची समजूत घातली, एवढंच मी म्हणेन.

टिवल्याबावल्या:
परीक्षेत अशी १९ सूत्रं लिहिली असती तर एक तरी बरोबर आलंच असतं. चुकीच्या शतकात जन्मलो.

पानगळ:
रसायनी, तुमच्याच साक्षीदाराला उलट तपासतो. केकुलेने १८६७ मध्ये लिहिलंय की अणू आहेत की नाहीत या प्रश्नाला रसायनाच्या दृष्टीने फारसं महत्त्व नाही, तो तत्त्वज्ञानाचा विषय आहे. बेंझिनचं (सहा कार्बनचं) कडं मांडल्यानंतर दोन वर्षांनी! फ्रान्समध्ये द्यूमा तर त्याच्याही तीस वर्षं आधी म्हणून गेला होता की माझ्या हातात असतं तर विज्ञानातून अणू हा शब्दच खोडून टाकला असता. सूत्रं वापरणं आणि वस्तू मानणं यात फरक आहे.

रसायनी:
केकुले बोलायचा एक आणि कागदावर काढायचा दुसरं. बेंझिनच्या कड्यावर दोन क्लोरीन बसवायचे तर तीन प्रकारांनी बसतात. प्रयोगशाळेत तीनच सापडतात, चौथा कधीच नाही. नुसत्या हिशेबाच्या सोयीला हे कसं काय जमतं? लोक काय म्हणतात त्यापेक्षा काय करतात ते बघावं.

वामनपाऊल:
दोघांचंही वाचलं. माझ्या मते प्रश्न एका प्रयोगाचा नाहीच. पेरँने आवोगाद्रोचा अंक (१२ ग्रॅम कार्बनमध्ये जेवढे अणू, तो आकडा) एकाच पद्धतीने काढला असता तर ऑस्टवाल्ड हलला नसता. निकाल लागला तो एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या वाटांनी येऊन तोच आकडा मिळाल्यामुळे.

हे बघा. प्लांकने तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून आवोगाद्रोचा अंक काढला, १९०० च्या शेवटी: सुमारे ६.१७ × १०²³. त्याच्यापुढे राळ नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता, भट्टी होती. रुदरफोर्ड आणि गायगरने १९०८ मध्ये अल्फा कण (रेडियमसारख्या पदार्थातून सुटणारे हेलियमचे भारित अणू) एकेक करून मोजले, त्यांचा विद्युतभार मोजला, त्यातून त्याच पल्ल्यातला आकडा. रेडियममधून वर्षाला किती हेलियम निघतो ते मोजलं, अल्फा कणांची संख्या माहीत होतीच, पुन्हा तोच पल्ला. आकाश निळं का दिसतं या गणितातूनही तो अंक काढता येतो. पेरँचे स्वतःचे आकडे ६.८ ते ७ च्या घरात होते, थोडे जास्तच. आज तो ६.०२२१४०७६ × १०²³ असा व्याख्येनेच नक्की केलाय, २०१९ पासून.

अणू नसतील तर भट्टीचा प्रकाश, रेडियम आणि राळ या तिघांनी आपसात संगनमत केलं असं मानावं लागेल. पेरँचं खरं काम म्हणजे त्याने या सगळ्या वाटा एका तक्त्यात मांडल्या.

यातच एक गंमत. आइनस्टाइनने १९०५ च्या प्रबंधात साखरेच्या द्रावणावरून हाच अंक काढला होता, तो आला २.१. पुढे चांगली मापं घेऊनही ४.१५. पेरँच्या प्रयोगशाळेतली मापं आइनस्टाइनच्या सूत्राशी जुळेनात, तेव्हा त्याने हॉप्फ नावाच्या सहकाऱ्याला गणित तपासायला सांगितलं. बीजगणितात चूक निघाली! दुरुस्त केल्यावर ६.५६. प्रयोगाने आइनस्टाइनच्या गणिताची वही तपासली.

मितभाषी:
+१. हा प्रतिसाद वाचनखूण.

खडूफळा:
मी शिकवतो, म्हणून मिरवणुकीची थोडी बाजू घेतो आणि थोडी काढतोही.

आकृत्या वाईट नाहीत, त्यांच्यामागची भांडणं गाळली जातात हे वाईट. थॉमसनचंच घ्या. पुडिंगमध्ये बेदाणे रुतलेत तसे इलेक्ट्रॉन रुतलेत असं आपण शिकवतो. १९०४ च्या त्याच्या मूळ मांडणीत इलेक्ट्रॉन धनभाराच्या गोळ्यात कड्यांमध्ये फिरतात, आणि किती इलेक्ट्रॉन झाले की नवं कडं लागतं याचा हिशेब करून तो आवर्तसारणीचा अर्थ लावू पाहत होता. पुढच्या कवचांची कल्पना तिथे डोकावते. त्याच वर्षी जपानमध्ये नागाओकाने मध्ये जड धनभार आणि भोवती शनीसारखं कडं अशी मांडणी केली. ती कुणी सांगत नाही.

रुदरफोर्डचं तर विचारूच नका. मार्सडेन तेव्हा विशीतला विद्यार्थी. धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडून तो आणि गायगर अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत थांबून, झिंक सल्फाइडच्या पडद्यावरचे लुकलुकणारे ठिपके मोजायचे. (टिवल्याबावल्या, चष्मेवाल्याकडे यांनाही धाडा.) १९०९ मध्ये दिसलं की सुमारे ८,००० अल्फा कणांमागे एखादा उलटा फिरतो. रुदरफोर्डला त्याचा अर्थ लागायला दोन वर्षं गेली: अणूच्या मधोमध एक इवलं, जड, भारित केंद्रक आहे. आणि १९११ च्या त्या निबंधात मधला भार धन की ऋण हे त्याने मोकळंच ठेवलंय! सूत्रात भाराचा वर्ग येतो, त्यामुळे चिन्हाने फरकच पडत नाही. वर्गात मी हे सांगतो तेव्हा मुलं पहिल्यांदाच कान टवकारतात.

पानगळ:
आणि १९११ च्या सॉल्व्हे परिषदेत (निवडक भौतिकशास्त्रज्ञांच्या बैठकीत) रुदरफोर्ड स्वतः हजर असून केंद्रकाची चर्चा झाली नाही. पेरँचे आकडे मात्र तिथे गाजले. धाग्याच्या नावाला एक टेकू.

संध्याछाया:
मला यातलं फार कळत नाही, पण एक जुनी शंका विचारून घेते. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात. मग इलेक्ट्रॉन केंद्रकात पडत का नाही? शाळेत विचारलं तेव्हा "तो फिरतोय म्हणून" असं उत्तर मिळालं होतं. मला ते कधीच पटलं नाही.

वामनपाऊल:
पटायला नकोच, संध्याछायाताई. फिरणारा विद्युतभार प्रकाश फेकतो आणि ऊर्जा गमावतो. जुन्या नियमांनी हिशेब केला तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सेकंदाच्या शंभर अब्जाव्या भागाच्या आसपास केंद्रकात जाऊन आदळतो. बोरने १९१३ मध्ये उत्तर दिलं नाही, बंदी घातली: ठरावीक कक्षांत असताना प्रकाश फेकायचा नाही.

खरं उत्तर १९२५ ते २७ मध्ये आलं. इलेक्ट्रॉन हा फिरणारा ठिपका नाही, त्याला लाटेचे गुण आहेत. त्याला जितक्या लहान जागेत कोंडावं तितकी त्याची गतिज ऊर्जा वाढते. केंद्रकाची ओढ त्याला आत खेचते, कोंडण्याची किंमत बाहेर ढकलते, आणि दोन्हींचा मेळ हायड्रोजनमध्ये ०.५३ अँगस्ट्रॉमच्या (सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या निम्म्याच्या) आसपास बसतो. अणूचा आकार तिथून येतो.

आणि "पडत नाही" हेही पूर्ण खरं नाही. काही केंद्रकं आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन गिळतात, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. आल्वारेझने १९३७ मध्ये हे दाखवलं.

संध्याछाया:
हे पहिल्यांदा नीट कळलं. मग अणू ९९.९९ टक्के रिकामा असतो असं सांगत सुटतात, ते बरोबर का?

वामनपाऊल:
त्या वाक्याचा मला राग आहे. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या अणूच्या साधारण २०,००० व्या भागाइतकी, त्यावरून ते निघतं. पण इलेक्ट्रॉनला ठिपका धरलं तरच बाकीची जागा रिकामी. तो सगळ्या जागेत पसरलेला असतो. टेबलातून हात आरपार जात नाही याचं मोठं कारण पाउलीचा नियम: दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. द्रव्य स्थिर राहतं ते या नियमामुळेच, याची काटेकोर गणिती सिद्धता डायसन आणि लेनार्ड यांनी १९६७ मध्ये दिली. म्हणजे अणू कळल्यावरही टेबल टेबलासारखं का वागतं हे सिद्ध करायला चाळीसेक वर्षं लागली.

टिवल्याबावल्या:
थॉमसन बापलेकांचं कुणीच काढलं नाही? बापाने इलेक्ट्रॉन कण म्हणून शोधला, १९०६ ला नोबेल. मुलाने तोच इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे दाखवलं, १९३७ ला नोबेल. आमच्याकडे बापाचं म्हणणं खोडलं तर घरात घेत नाहीत.

मितभाषी:
खोडलं नाही. वाढवलं.

रसायनी:
बोरवर वामनपाऊल जरा जास्तच कडक झाले. बंदी घातली खरी, पण आकडे बघा. तारकांच्या वर्णपटात काही रेषा होत्या, त्या हायड्रोजनच्या मानल्या जात. बोर म्हणाला, एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत, हायड्रोजनच्या चौपट हिशेबाने बसतात. फाउलरने आक्षेप घेतला: मोजमाप ४ नाही, ४.००१६ येतं. बोरने उत्तर दिलं की केंद्रकही किंचित हलतं, ते हिशेबात धरलं तर ४.००१६३. तक्रारीचाच पुरावा झाला. एवढ्यासाठी तरी बोर शिकवायलाच हवा.

नीरक्षीर:
आणि मोस्ली! १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या वर्णपटावरून त्याने दाखवलं की मूलद्रव्यांचा खरा क्रम अणुभाराचा नाही, केंद्रकातल्या भाराचा. कोबाल्ट आणि निकेल यांची अदलाबदल का, याचा उलगडा झाला. ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत हे मूलद्रव्यं सापडण्याआधी कळलं. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत गेला, वय २७.

खडूफळा:
केंद्रकावर एक भर घालतो, ही क्वचितच सांगितली जाते. १९३२ मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधेपर्यंत केंद्रकात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात असंच मानत. नायट्रोजन म्हणजे १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन. वजन जुळतं, भारही जुळतो. पण एकूण कण २१, विषम, म्हणून फिरकी (स्पिन, कणाचा अंगभूत गुण; यातल्या प्रत्येक कणाची अर्धी) अर्धपूर्णांकी यायला हवी. १९२९ च्या सुमारास वर्णपटावरून दिसलं की नायट्रोजनचं केंद्रक तसं वागत नाही. ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन धरले की १४ कण, सम, आणि गाडी रुळावर येते. न्यूट्रॉन मिळाला तेव्हा त्याच्यासाठी जागा आधीच रिकामी होती.

पानगळ:
धागा माझ्या हातून कधीच सुटलाय, पण आनंद आहे. मूळ प्रश्नावर येतो. रसायनींचा तीन क्लोरोबेंझिनांचा मुद्दा मला भारी वाटतो. त्यावरून अणूंची मांडणी कळते हे मान्य. पण एक अणू केवढा आणि मूठभर पदार्थात किती, हे रसायनाचा तराजू सांगू शकत नव्हता. तो फक्त गुणोत्तरं द्यायचा. माझं मत पेरँलाच, वामनपाऊल यांनी दिलेल्या कारणासाठी.

रसायनी:
माझं कानिझारोला. बदलणार नाही.

अनादि:
माझं कुणाला ते विचारू नका.

संध्याछाया:
शेवटचा प्रश्न. पेरँचा प्रयोग आज शाळेत करता येईल का? भाचीला दाखवायचा आहे.

खडूफळा:
उंचीनुसार कण मोजायचा नको, त्यात जीव जातो. त्याचाच दुसरा करा, पाण्याचे रेणू धडकून कण कसे थरथरत सरकतात तो. एक मायक्रॉनच्या आसपासचे पॉलिस्टायरीनचे गोल मणी पाण्यात मिळतात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मागून बघा. साधा ४०० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक आणि वर मोबाइलचा कॅमेरा. एका मण्याची जागा दर काही सेकंदांनी कागदावर टिपायची, असे बरेच मणी घ्यायचे. सरकलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी वेळेसमोर मांडली की सरळ रेषा येते. तिच्या चढावरून, मण्याची त्रिज्या, पाण्याचं तापमान आणि श्यानता (चिकटपणा) घालून, आवोगाद्रोचा अंक काढा. दुपटीच्या आत आला तरी भाचीची पाठ थोपटा.

काचपट्टीच्या कडा नेलपॉलिशने बंद करायला विसरू नका. नाहीतर पाणी सुकतं, सगळे मणी एकाच बाजूला वाहायला लागतात आणि रेषेचं वाटोळं होतं.